करकोच्याच्या नाटकातली शांतता

मुलांनो, नाटकात एखादा नट बोलता बोलता गप्प झाला, तर तुम्हाला काय वाटतं? वाक्य विसरला, असंच ना?

एका जंगलात एका टिटवीलाही तसंच वाटलं.

त्या जंगलात एक करकोचा राहत होता. तो नवकवी होता. त्याच्या कविता कुणाला कळत नसत, म्हणून सगळे त्याला मान देत. पुढे त्यानं पद्यात नाटक लिहिलं. नाटकाला नुसता मान देऊन भागत नाही, समोर बसावं लागतं. पहिल्या दोन प्रयोगांना मध्यंतरापर्यंत कुणीच बसलं नाही.

"तिसऱ्यालाही उठून गेले, तर नाटक सोडायचं," करकोचीण म्हणाली. "खा माझी शपथ!"

करकोच्यानं शपथ खाल्ली. त्या दिवसापासून त्याला मासा गोड लागेना.

प्रॉम्प्टर ससा दोन्ही प्रयोगांत झोपला होता. त्याच्या जागी टिटवी आली.

पडदा उघडला. राजा झालेला गवा म्हणाला,

"तहानेच्या काठावर मीच उभा,
आणि पाणी मला पीत आहे..."

आणि थांबला. इथे शांतता होती. करकोच्यानं ती शब्दांत लिहिली नव्हती, वहीत अर्धं पान कोरं सोडलं होतं. टिटवीला वाटलं, शाई पुसली गेली.

"अहो गवेदादा, तळं आटलंय म्हणा!" ती विंगेतून ओरडली. टिटवीला हळू बोलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

"अगंबाई, असं होय!" जायला उठलेली म्हैस म्हणाली. "मग सरळ सांगायचं की!" आणि ती पुन्हा खाली बसली.

नाटकात अशा चाळीस शांतता होत्या.

करकोचा विंगेत एका पायावर थरथरत होता. टिटवीला हाकलायला तो दोनदा निघाला. दोन्ही वेळा त्यानं पडद्याच्या फटीतून पाहिलं. सगळे बसलेले होते. तो मुकाट्यानं मागे फिरला.

शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. समीक्षक घुबड धापा टाकत आत आलं.

"कवितेला छेद देणारा तो अदृश्य आवाज! कसं सुचलं हो तुम्हाला?"

करकोच्यानं टिटवीकडे पाहिलं. ती घसा शेकत बसली होती.

"दहा वर्षं मनात घोळत होतं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करकोच्यानं टिटवीकडून तिची चाळीसही वाक्यं वहीत लिहून घेतली, आणि यापुढे मधेमधे बोलायचं नाही, अशी तिला ताकीद दिली.

तात्पर्य : न कळणारं खुशाल लिहीत राहावं. कळेल असं बोलणारं कुणीतरी जवळपास असतंच.