दातांचे डॉक्टर आणि स्टिअरिंगचा सिलिंडर

“अहो, सिलिंडर आहे तो. अक्कलदाढ नाही!”

“गप्प बस गं. मुळापासून किडलंय याचं सील,” दातांचे डॉक्टर म्हणाले आणि सिलिंडरमध्ये बॅटरी मारून डोकावले. डोकावताना सवयीनं त्यांनी स्वतःच मोठ्ठा ‘आ’ केला.

डॉक्टरीणबाईंचा जीव टांगणीला लागला होता. घरामागची रोपवाटिका त्यांची, तिथला छोटा ट्रॅक्टर त्यांचा आणि आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डरही त्यांचीच. नव्या हॉटेलच्या अंगणासाठी ट्रॉलीभर कुंड्या आज संध्याकाळच्या आत पोचायलाच हव्या होत्या. नाहीतर ऑर्डर चौकातल्या नर्सरीला. आणि मुहूर्त साधून आजच ट्रॅक्टरचं स्टिअरिंग जड झालं, चाकं वळवणाऱ्या सिलिंडरमधून तेलाची धार लागली. मेकॅनिक परगावी गेलेला. घरात सीलचा, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यांचा, नवा संच होता, आणि दवाखाना बंद असल्यामुळे डॉक्टरही होते.

जेवणाच्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरून ऑपरेशन चाललं होतं. दात खरवडायच्या आकड्यानं डॉक्टरांनी जुनं सील अलगद उपटलं, नवं गरम पाण्यात मऊ करून खोबणीत बसवलं, दांडा पुसून लख्ख केला.

“सूनबाईच्या यंत्राचं बघा किती कौतुक!” सासूबाई दारातून म्हणाल्या. “आईची कवळी अजून जेवताना वरणात पडते.”

“आई, तुझी कवळी नीट आहे. तू बोलतेस फार.”

सिलिंडर जागेवर चढला. त्याच्या दोन नळ्या जोडल्या, उरलंसुरलं सगळं तेल ओतलं. डॉक्टर ऐटीत ट्रॅक्टरवर बसले आणि रोपांच्या वाफ्यांमधून नागमोडी फेरी मारून परत आले. “लोण्यासारखा वळतोय! घे, कर तुझी ऑर्डर!”

बाईंना आनंद पोटात मावेना. ट्रॉली जोडली, पदर खोचला आणि त्या निघाल्या. समोर कपड्यांची दोरी होती, म्हणून त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं. ट्रॅक्टर डावीकडे निघाला. त्यांनी आणखी उजवीकडे वळवलं. ट्रॅक्टर आणखी डावीकडे, थेट चादरींमध्ये!

“अगं, वाळत घातलंय ते! वरातीला नाही काढलं!” सासूबाई ओरडल्या.

चादर पांघरून ट्रॅक्टर खताच्या ढिगात थांबला. बाईंनी खाली वाकून बघितलं. “अहो, नळ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही! हिची जागा तिला, तिची हिला!”

“शक्यच नाही. मी चालवला की आत्ता!” डॉक्टर वर बसले, ट्रॅक्टर सफाईनं बाहेर काढला, अंगणाला वळसा घालून आणला. “बघ. कुठे काय बिघडलंय?”

बाई बघतच राहिल्या. कोडं उलगडलं सासूबाईंनी. “तो काय सांगणार? जन्मभर आरशात बघून लोकांच्या दाढा कोरल्यात त्यानं. उलटं तेच त्याला सुलटं!”

नळ्या पुन्हा सोडवायच्या तर तेल सांडणार, आणि डबा रिकामा. “बसा तुम्हीच,” बाई म्हणाल्या आणि कुंड्या सावरत ट्रॉलीत चढल्या.

रस्ताभर डॉक्टर शीळ घालत होते. हॉटेलचा मॅनेजर फाटकाशीच उभा होता. “फार उशीर केलात. मागच्या बोळातून माल आत घ्या. ट्रॉली रिव्हर्सनं घालावी लागेल, बरं का.”

ट्रॉली मागे घेणं म्हणजे भल्याभल्यांना घाम. एरवी ती उजवीकडे जायला हवी असेल तर स्टिअरिंग डावीकडे फिरवायचं. उलट्याच्या या उलट्यात डॉक्टरांचा आरसा पार फुटला. पहिल्यांदा ट्रॉली काचेच्या दाराकडे गेली, दुसऱ्यांदा मॅनेजरकडे.

“राहू द्या!” मॅनेजरनं फोन काढला. “चौकातल्या नर्सरीलाच बोलावतो.”

“उतरा खाली,” बाई म्हणाल्या.

“अगं, तुला कधी जमलंय मागे घ्यायला? त्या वेळी कुंपण—”

“उतरा म्हणते ना!”

बाईंना खरंच कधी जमलं नव्हतं. ट्रॉली उजवीकडे हवी की त्यांचा हात बिचारा सरळ उजवीकडेच फिरायचा. आजही तसाच फिरला. आणि ट्रॉली उजवीकडे गेली! उलट जोडलेल्या नळ्यांनी ट्रॉलीचं उलटं सुलटं केलं होतं. जरा डावीकडे फिरवलं, ट्रॉली डावीकडे. टेबलाचा खण ढकलावा तशी ती बोळात सरकली. एका कुंडीचं पानसुद्धा हललं नाही.

मॅनेजरनं फोन खिशात टाकला. “कमालीचा हात आहे हो तुमचा! दर आठवड्याला कुंड्या बदलायच्यात. जमेल ना?”

“न जमायला काय झालं!” बाई म्हणाल्या. आवाज मात्र आनंदानं चिरकला.

परतताना डॉक्टर पुन्हा स्टिअरिंगवर. “मेकॅनिक आला की नळ्या सरळ करून घेऊ.”

“खबरदार हात लावाल तर!” रिकाम्या ट्रॉलीत बाई राणीसारख्या बसल्या होत्या. “जाताना तुम्ही, मागे घेताना मी.”

“दर आठवड्याला? आणि माझे पेशंट?”

“काढतील कळ एक दिवस. आता गप्पा पुरे, डावीकडे वळा.”

डॉक्टरांनी निमूटपणे स्टिअरिंग पार उजवीकडे फिरवलं, आणि ट्रॅक्टर डावीकडे, घराकडे वळला.