टर्कीचा बुधवार

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे पिझ्झा आला की थोड्याच वेळात लवटे अण्णा दाराशी हजर होतात. पिझ्झ्यासाठी नव्हे, त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना हव्या असतात त्याच्याबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या. "तुमी टाकूनच देणार की," म्हणत ते पुड्या शर्टाच्या खिशात घालतात आणि मग दारातच उभे राहून नळाला पाणी कधी येणार, इथपासून सुरुवात करतात. पुडीचं वजन काहीच नसतं, पण ती उचलायला अण्णांना बराच वेळ लागतो.

अण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे. घरात मेंढरं, नोकरी जनावरांच्या दवाखान्यात. निवृत्त झाल्यावर सोलापुरात सात रस्त्याजवळ आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले आणि वर्षभरातच काकू गेल्या. मुलगा पुण्यात असतो. त्याचा फोन रविवारी येतो. माणसांकडे अण्णा अजून दवाखान्याच्याच नजरेनं बघतात. पहिल्या भेटीत नमस्काराच्या आधी मला म्हणाले, "सर, पाणी कमी पिताय. डोळ्यात दिसतंय." मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला. माझ्या डोळ्यात त्याआधी कुणाला काही दिसलं नव्हतं.

पुड्यांचं कोडं एका बुधवारी उलगडलं. अण्णांनी जेवायला बोलावलं होतं. मेनू: इटालियन टर्की.

टर्की त्यांचा चुलतभाऊ पाळतो. तो ती कापून, साफ करून, डब्यात बर्फ घालून एसटीनं पाठवतो. इटालियन भाग अण्णांनी मोबाइलवर पाहिलेला. त्यातल्या गोऱ्या बाईनं सगळं एका भांड्यात घातलं, झाकण ठेवलं आणि अंगणात जाऊन खुर्चीत बसली. अण्णांना त्या पदार्थापेक्षा ती खुर्ची आवडली.

"सर, बाई बसली की हो! सैपाक चालू, आन् बाई बसलेली!"

बाईनं वापरलेल्या बहुतेक गोष्टी सोलापुरात मिळत नाहीत किंवा अण्णांना मिळवायच्या नसतात. ऑलिव्ह तेलाच्या जागी करडईचं तेल. वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवलेलं पाणी आणि वर थोडं व्हिनेगर. कुठल्याशा पाल्याच्या जागी कुंडीतली ओव्याची पानं. कांदा, टोमॅटो, गाजर, भरपूर लसूण आणि बिल्डिंगभरातून जमवलेला ओरेगॅनो. तंगड्या तेलात लालसर परतायच्या, सगळं जर्मनच्या पातेल्यात कोंबायचं, झाकणाची कड कणकेनं लिंपायची, वर वरवंटा ठेवायचा आणि गॅस अगदी बारीक करायचा. झालं. पुढं अण्णा त्या पातेल्याला हात लावत नाहीत. फक्त मधूनमधून वाकून कान नेतात. आतून डुबुक डुबुक आवाज आला की समाधानानं म्हणतात, "रवंथ चाललाय. करू द्या."

हे वाक्य ते कुठंही लावतात. सोसायटीच्या सभेत लिफ्टवरून भांडण पेटलं की, "रवंथ करू द्या." माझी मुलगी लग्नाचं नाव काढत नाही असं माझी बायको म्हणाली, तेव्हाही तेच. तिला ते फारसं आवडलं नाही.

खालच्या मजल्यावरचे गुंडेटीकाका एकदा युरोप बघून आलेत, ते आम्हाला विसरू देत नाहीत. त्या बुधवारी पंगतीत पहिलाच घास घेऊन ते म्हणाले, "अण्णा, असली इटालियनला ही चव नसते बरं का. मी रोमला होतो."

"व्हय? रोमला काय खाल्लं?"

गुंडेटीकाकांनी पाण्याचा ग्लास उचलला. "टूरवाल्यांनी पुरी-भाजी ठेवली होती."

"मग ही असलीच समजा," अण्णा म्हणाले आणि त्यांच्या ताटात आणखी एक तंगडी घातली. काकांनी तिची चिकित्सा केली नाही. कडक भाकरी रश्शात चुरली आणि मान खाली घातली. टर्की चांगली होती. इटलीचा तिच्याशी किती संबंध होता हे मी इतिहासाचा माणूस असूनही सांगू शकणार नाही.

तेव्हापासून चुलतभावाचा डबा येईल त्या बुधवारी हा बेत असतो. बुधवारच का, हे अण्णांनी फार अभ्यास करून ठरवलंय. सोमवार सिद्धेश्वराचा. मंगळवारी गुंडेटींकडे चालत नाही. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शुक्रवारी निम्म्याच बिल्डिंगचं चालतं. "आन् रविवारी ज्याला त्याला आपापली माणसं असत्यात," अण्णा म्हणाले होते. उरला बुधवार. कुणाचा कुठला वार, हे त्यांना त्या त्या घरातल्या माणसांपेक्षा जास्त पाठ आहे.

पण वारात पक्का असलेला माणूस तिथीला फसला. त्यांच्या घरचा देव बिरोबा, त्याचा वार रविवार. त्यापलीकडच्या पंचांगाशी अण्णांचा संबंध नाही. गेल्या थंडीतल्या एका बुधवारी सकाळीच डबा आला, दुपारी पातेलं चढलं आणि संध्याकाळी जिन्यात टर्कीचा वास उतरला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात बायको उकडीचे मोदक वळत होती. संकष्टी होती. गुंडेटींकडे संकष्टी, समोर संकष्टी, सगळ्या बिल्डिंगचे डोळे चंद्राकडे.

"अण्णांना कुणी सांगितलं का?" बायकोनं विचारलं.

कुणीच सांगितलं नव्हतं. मी वर गेलो.

दार उघडंच होतं. सतरंजी अंथरलेली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी ताटं मांडलेली, प्रत्येकात कांद्याची फोड आणि शेंगाचटणी. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून पातेल्याशेजारी खुर्चीत बसले होते, त्या गोऱ्या बाईसारखे.

"या, या. तुमी पयले. बाकीचे कुटं हायत?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग उठून गॅस बंद केला.

"संकष्टी व्हय," ते म्हणाले. "च्यायला. वार तेवढा बघितला की मी."

मला काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी शहाणपणाचं बोललो. "अण्णा, एवढी मोठी टर्की आणण्यापेक्षा साधी कोंबडी का आणत नाही? असं झालं तरी एकट्यापुरती होईल."

अण्णा ताटांकडे बघत होते.

"कोंबडी एकट्याला संपती की, सर."

मी ओरेगॅनोच्या डब्याकडे बघितलं. तो काठोकाठ भरलेला होता. त्यातून साऱ्या इटलीचं भागलं असतं. तरी मागच्याच आठवड्यात अण्णा आमच्या दाराशी येऊन पुड्या घेऊन गेले होते.

ते वाकून ताटं उचलायला लागले. "राहू द्या," मी म्हणालो. "परवा शुक्रवार आहे. ज्यांचं चालतं ते येतील. ज्यांचं चालत नाही ते नुसती भाकरी-चटणी खातील. मी सांगतो सगळ्यांना. तोवर टिकेल ना हे?"

"थंडी हाय. सकाळ-संध्याकाळ उकळी देतो. मुरंल उलट." हातातलं ताट त्यांनी परत खाली ठेवलं. "गुंडेटी येतील?"

"रोमची शपथ."

अण्णा पहिल्यांदा हसले.

"आणि आत्ता खाली चला. चंद्र आला की पानं वाढायची आहेत. तुम्हाला घेतल्याशिवाय येऊ नका, असं हिनं बजावलंय." हे तिनं बजावलेलं नव्हतं. पण नंतर खाली गेल्यावर बघितलं, तर अण्णांचंही पान मांडलेलं होतं.

ताटं अण्णांनी उचलली नाहीत. कांदा-चटणी काढून ठेवली, एकेक ताट पुसलं आणि धूळ बसू नये म्हणून जागच्या जागी पालथं घातलं. मग निघता निघता सवयीनं पातेल्याशी वाकले, कान नेला आणि मला हातानंच हळू चालायची खूण केली.

"निजलंय," ते म्हणाले. "शुक्रवारी उठवू."