टोबलेला दात

हिंगणघाटच्या बाजारात डोमाजींचं बियाण्यांचं दुकान होतं. तीस वर्षं ते गिऱ्हाइकांना एकच ताकीद देत आले होते. "सरकी टोबली, बी मातीत खोचलं, का गप बसायचं. उगवली का नाई ते उकरून पाह्यचं नाई." पण २००४च्या उन्हाळ्यात त्यांच्याच जबड्यात दात टोबला गेला, आणि त्यांची जीभ काही केल्या गप बसेना.

टोबणारी होती त्यांची लेक दिपाली. ती वर्ध्याला दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती आणि परीक्षेसाठी पेशंट म्हणून तिनं बापालाच खुर्चीत बसवलं होतं. पडलेल्या दाताच्या जागचं हाड झिजलेलं. म्हणून तिनं डोमाजींच्याच रक्तातून काढलेला चिकट अंश हाडाच्या भुकटीत कालवून खड्ड्यात भरला, त्यात स्क्रू बसवला आणि दिसायला बरं म्हणून वर दाताची टोपी चढवली.

"बाबा, आता नवं हाड येईन न् स्क्रूले धरीन. चार महिने तिकून चावू नका. हे हाललं तर माह्या परीक्षेचं काई खरं नाई."

डोमाजींनी चार महिने पाळले. परीक्षेच्या आदल्या दुपारी मात्र चहासोबत कडक गोरसपाक बिस्कीट आलं आणि घात झाला. कट्‌ असा आवाज होऊन दात तळहातावर! ती नुसती टोपी आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. पोरीचं वर्ष आपण एका बिस्किटापायी खाल्लं, असंच त्यांना वाटलं. तराजूची मूठ चिकटवायच्या गोंदाची नळी गल्ल्यात होती. त्यांनी आरशात पाहून दात जागेवर बसवला आणि देवाचं नाव घेऊन दाबून धरला.

"काऊन जी, जेवत नाई?" त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी विचारलं.

"हूं," डोमाजी म्हणाले. तोंड उघडायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या कॉलेजात बाहेरगावचे परीक्षक डोमाजींच्या खुर्चीपाशी आले. "टोपी काढा. स्क्रू पाहू."

दिपालीनं चिमट्यानं हलकंच ओढलं. टोपी हलेना. जोर लावला, तरी नाही. तिच्या कपाळावर घाम फुटला. "बाबा, काई केलं का तुमी?" ती कुजबुजली.

"आँ," डोमाजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

तिनं पुन्हा ओढलं. टोपी निघाली, आणि तिला चिकटलेली शेजारची जुनी, डळमळीत दाढही बाहेर आली!

परीक्षकांनी स्क्रूवर टकटक केलं, हलवून पाहिलं, एक्स-रे उजेडाला धरला. चहूबाजूंनी हाड धरलेलं. "देवानं दिलेली दाढ उपटली, पण तुमचा स्क्रू जागचा हलला नाही," ते म्हणाले. "पास."

दिपाली रडावं की रागवावं अशा घोटाळ्यात. "मले एक फोन नाई करता आला?"

तोंडात कापूस कोंबलेले डोमाजी मान खाली घालून बसले. तेवढ्यात तिच्याबरोबर शिकणारा कुंदन संमतीचा कागद घेऊन आला. त्याला चार महिन्यांपासून पेशंट मिळत नव्हता. "काका, दाढेच्या जागी मी टोबू का? सही करा फक्त. न् या टायमाले हात लावजा नोका."

डोमाजींनी मान डोलावली आणि सही केली. तोवर त्यांची जीभ कापूस बाजूला सारून नवा खड्डा उकरायला पोचली होती.