पापणीतली वस्ती

दुरुस्त केलेला मायक्रोस्कोप दुकानातच तपासून गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा, हा माझ्या धंद्यातला साधा नियम. पण त्या रविवारी मला अवदसा आठवली आणि एका कॉलेजचा मायक्रोस्कोप मी घरी घेऊन आलो. (आपलं काम बायकोला दाखवावं, असं नवऱ्याला अधूनमधून वाटतं. वाटू नये.)

तपासणीला आम्ही कांद्याचा पापुद्रा वापरतो. घरातले कांदे नुकतेच फोडणीत गेले होते. म्हणून मी स्वतःच्याच पापणीचा केस उपटला, काचेवरच्या तेलाच्या थेंबात ठेवला आणि डोळा लावला.

केसाच्या मुळाशी कुणीतरी होतं!

लांबुळकं, आरपार दिसणारं अंग. पुढच्या बाजूला आठ आखूड पाय, आणि ते चक्क हलत होते! इतकी वर्षं भिंगं पुसतोय, पण असा थक्क कधी झालो नव्हतो. माझ्या तोंडावर आख्खी वस्ती सुखाने नांदत होती आणि घरमालकाला पत्ताच नव्हता.

“अगं, लवकर ये! माझ्या पापणीत जीव आहेत!”

इथे माझं चुकलं. ओट्यावर एक मुंगी दिसली तरी आमची ही आख्खं स्वयंपाकघर धुऊन काढते. तिने पाहिलं आणि माझी उशी उचलून बाहेरच्या सोफ्यावर नेऊन टाकली.

“अगं, हे बहुतेक सगळ्यांनाच असतात. कातडीतलं तेल खातात, उजेडाला बिचकतात. गरीब आहेत बिचारे.”

“माझ्याकडे नाहीत.”

“तपासू या?”

“तपासा! नाही निघाले, तर तुमचा मुक्काम कायमचा सोफ्यावर.”

तिच्या केसावर काहीही निघालं नाही. (सोफा आखूड आहे हो. गुडघे पोटाशी घ्यावे लागतात.)

एवढ्यात आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाईंनी चष्मा काढला. “जावईबापू, माझंही बघा की.”

त्यांच्याकडे नुसती झुंबड होती! सासूबाई कितीतरी वेळ भिंगातून बघत राहिल्या.

“अगं बाई! म्हणजे तुम्ही दोघं कामाला गेलात, तरी मी घरात एकटी नसते तर.”

“हे आईच्या गालावरून बाळाच्या गालावर जातात,” मी माहिती पुरवली.

“मग मला का नाही मिळाले?” बायकोचा आवाज एकदम पडला. “सगळं ताईलाच दिलंस ना, आई?”

“तू जवळ यायचीस कुठे? गालाला गाल लावला, की पळत जाऊन तोंड धुवायचीस!”

झालं! “अहो, हा केस बघा. आता डावीकडचा बघा. नीट बघा हो!” तिच्या पापण्या विरळ होत चालल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते केस उपटल्याचं की आणखी कशाचं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मला राहवेना. मी तिच्याकडे पाठ केली आणि हळूच स्वतःचा केस काचेवर ठेवला.

“सापडला!”

तिने डोळा लावला, आणि लहान मुलीसारखी ओरडली, “आई, बघ! तुझा माझ्याकडे आहे!” सासूबाईंनी तिला जवळ ओढून गालाला गाल लावला. ही तोंड धुवायला उठली नाही. उलट जाऊन माझी उशी आत ठेवून आली.

मग पुन्हा भिंगाशी बसली. बराच वेळ बघून तिने कपाळाला आठ्या घातल्या.

“अहो, पण हा काही करतच नाही. मघापासून नुसता लोळतोय.” तिने मान हलवली. “छे! हा आईकडचा नव्हे. हा तुमच्याकडून आलाय.”