खुशालची वाजणारी काठी

खुशालला मोहटोल्यात कोणी एकटं चालूच देत नसे. पुढची सगळी भानगड झाली ती यातूनच.

लहानपणी देवी आल्या, त्यात त्याचे डोळे गेले. पण पाय कुठं गेले होते? नागपूरच्या अंधशाळेत राहून तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला होता आणि तालुक्याच्या चामोर्शीतले निम्मे साहेबलोक त्याच्याच विणीवर बसून सह्या करत. गावातला रस्ता न् रस्ता त्याला पाठ होता. तरी तो घराबाहेर पडला रे पडला, की कोणीतरी येऊन हात धरणारच. पत्रू लोहार हातोडा टाकून धावायचा. सुकरी डोक्यावरची घागर सावरत यायची. आंधळ्या माणसाला एकटं जाऊ देणं म्हणजे गावाच्या अब्रूला बट्टा, अशी सगळ्यांची समजूत. बरं, हात धरणारा विचारेल तर शपथ. खुशालला जायचं असे विहिरीवर आणि पत्रू त्याला नेऊन सोडी चैतूच्या पानठेल्यावर, कारण पत्रूला पान खायचं असे. मग तिथून दुसरा कोणी हात धरून त्याला घरी पोचवी. विहीर राहिली ती राहिलीच.

आता सांगताना हसू येतं, पण ते ऐंशीचं दशक होतं आणि माणसांकडे दुसऱ्याचा हात धरायला वेळ होता. आता तो कोणाकडे आहे सांगा.

गावात एकच माणूस खुशालचा हात धरत नसे. सत्यशीला. ती बालवाडीत शिकवायची. रोज सकाळी पोट्ट्यांना गोळा करत निघाली की खुशाल समोरून यायचा, आणि ती लांबूनच म्हणायची, "डावीकून या जी, मधात गोटा हाये." बस, इतकंच. ना हात, ना हळहळ. सगळं गाव त्याला खुशालभाऊ म्हणे, ही एकटीच 'भाऊ' म्हणत नसे. माणसाचा जीव अडकायला याहून जास्त काय लागतं?

शेवटी खुशालच्या आईनं, केसरबाईनं, सत्यशीलाच्या बापाकडे शब्द टाकला. बापूराव म्हणजे रिटायर फारेस्टगार्ड. जंगल तुडवून तुडवून गुडघे गेलेले, पण आवाज शाबूत. विहाराच्या कमिटीचा अध्यक्ष. दर पौर्णिमेला पंचशील झालं की पाचव्या शीलावर त्याचं भाषण ठरलेलं, आणि दारू पिणाऱ्यांची नावं तो भर सभेत घेई. असा माणूस नाही म्हणणार हे धरूनच केसरबाई गेली होती. पण तो नाही म्हणाला नाही.

"पोरगा चांगला हाये, कमावते," तो म्हणाला. "पण मले जावई पायजे, केसरबाई. माझ्या पोरीले कोणाची काठी करायची नाई. त्यानं एकट्यानं चालत माझ्या दारात यावं. कोणाचा हात न धरता. आला त्या दिवशी पोरगी देली."

खुशालला वाटलं, हे तर सोपं आहे. तो दुसऱ्याच दिवशी निघाला आणि पत्रूनं त्याला पानठेल्यावर नेऊन सोडला. पुन्हा निघाला, तर सुकरीनं विहिरीवर पोचवला. नेमकी त्या दिवशी विहीर नको होती. 'सोडा वो मले' म्हणून तो ओरडला, तर लोकांना वाटलं पोराला ताप आलाय, आणि दोघांनी मिळून उचलून घरी आणला.

अशा वेळी नागपूरहून काठी आली. अंधशाळेच्या ओळखीनं एक साहेब ती घेऊन आले, वापरून पाहा म्हणाले. काठीच्या मुठीखाली टॉर्चसारखं एक डबडं, आणि खांद्याला अडकवायच्या पेटीत सेल. साहेबांनी समजावून सांगितलं, की डबड्यातून एक आवाज पुढे जातो, तो आपल्याला ऐकू येत नाही. समोर काही आडवं असलं की तो आपटून परत येतो आणि डबडं टूं टूं वाजायला लागतं. वस्तू जितकी जवळ, तितकी घाई. वटवाघळाची विद्या. खुशालनं काठी हातात घेतली आणि त्याच्या मनात सत्यशीलाचं लग्नच लागून गेलं. आता कोण कशाला हात धरतंय?

साहेबांची जीप गावाबाहेर पडली आणि खुशालच्या अंगणात जत्रा भरली. प्रत्येकाला आपल्यासमोर काठी वाजवून पाहायची होती. पत्रू उभा राहिला, टूं टूं. सुकरी उभी राहिली, टूं टूं. बापूरावच्या घरासमोर ज्याचं दुकान होतं तो इनायत टेलर मुद्दाम नवा सदरा घालून आला, त्यालाही टूं टूं. पानठेलेवाला चैतू तेवढा राहिला. तो आजारातून उठलेला, वाळून पार दोरी झालेला. काठी कधी त्याच्या डावीकडून जाई, कधी उजवीकडून, पण वाजेना. चैतूनं ते फार मनाला लावून घेतलं. "मी मेलो का रे?" असं तो दिवसभर भेटेल त्याला विचारत होता.

आणि हात सुटले का? छे. काठी महागाची, पडून फुटली तर गावाची नाचक्की, म्हणून आता एक जण खुशालला धरू लागला आणि दुसरा काठीला.

सकाळी सत्यशीला समोर आली तेव्हाही पत्रू आणि सुकरी दोन्ही बाजूंना होतेच. काठी वाजली.

"हे मले पाहून वाजून राह्यली का?" तिनं विचारलं.

"कोणालेही पाहून वाजते," खुशाल म्हणाला.

"कोण हाये ते सांगते का?"

"नाई. मधात काईतरी हाये, इतकंच."

तिनं काठी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग म्हणाली, "बाबा रविवारी सकाळी घरीच रायते." आणि पोट्ट्यांना घेऊन चालती झाली. पत्रूला त्यात काही वाटलं नाही. खुशालच्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढलं.

रविवारी सकाळी तो धुतलेला सदरा घालून काठी घेऊन निघाला. दारात थांबला. आता येईल पत्रू. कोणी आलं नाही. तो कोपऱ्यापर्यंत गेला. सुकरी नाही. घागरीचा आवाज नाही. मोहफुलांचे दिवस, अंगणाअंगणांत फुलं वाळत घातलेली असायची आणि राखणीला बसलेल्या बाया जाणाऱ्या-येणाऱ्याची उलटतपासणी घ्यायच्या. आज वास होता, बाया नव्हत्या. पुढे गिरजाबाईच्या कुडासमोर काठी वाजली, तर आतून मडकं फुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गिरजाबाईचा.

"माझ्या घरात काईच नाई जी! पाय पडतो, पुढं जाय!"

खुशाल चक्रावला. त्याला बिचाऱ्याला कुठं ठाऊक, की दोन दिवसांत गावात काय शिजलं होतं. ही काठी मोहाची दारू हुंगते, अशी बातमी गिरजाबाईकडून निघाली होती. ती स्वतः हातभट्टी लावायची, तेव्हा तिच्या शब्दाला वजन. एक्साईजवाल्यांनी मुद्दाम आंधळा माणूस निवडला, म्हणजे कोणाला शंका नको. कोणी म्हणालं, असं कसं होईल? तर तिनं पुरावाच काढला. पत्रूला पाहून वाजली, पत्रू पितो. सुकरीला पाहून वाजली; सुकरीचा नवरा पितो, तिच्या लुगड्याला वास असणारच. चैतूला पाहून नाही वाजली, आणि आजारपणापासून डाक्टरच्या धाकानं न पिणारा गावात चैतू एकटाच. आता बोला. इनायत तर आयुष्यात प्यायला नव्हता, पण त्याला पाहूनही वाजली होती. त्याच्याकडे लोक तेव्हापासून जरा वेगळ्याच आदरानं पाहू लागले होते.

तर असं सगळं गाव दारं लावून बसलं होतं आणि जन्मात पहिल्यांदा खुशाल एकटा चालत होता.

सुरुवातीला त्याला पंख फुटल्यासारखं झालं. ना कोणी ओढतंय, ना कोणी वळवतंय. तो मुद्दाम रस्त्याच्या मधून चालला, मुद्दाम एका जागी उभा राहिला. पण थोडं पुढे गेल्यावर त्याला कसंसंच झालं. पत्रूची ऐरण बंद होती. 'खुशालभाऊ, जयभीम' नाही, 'कुठी चालले जी' नाही. काठी वाजे, पण कुड असो, बैलबंडी असो की बोअरिंगचा खांब, तिचं आपलं एकच टूं टूं. त्याला गावची आठवण आली. गावातच चालताना गावची आठवण येणं ही काही बरी गोष्ट नव्हे, पण ती आली खरी.

बापूरावचं घर त्याला पाठ होतं. समोर इनायतचं दुकान, शिलाई मशीनची घरघर ऐकू आली की उजवीकडे वळायचं. इनायतला काही लपवायचं नव्हतं, तो दुकान उघडून बसलाच होता. पण काठीला बारीक आवाज ऐकावा लागतो हे त्यानं साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. खुशाल दुरून येताना दिसला, तसा त्यानं भलेपणानं मशीनवरचा पाय काढला आणि श्वास रोखून बसून राहिला. खुशाल त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेला. इनायतच्या ओठांवर 'भाई, इकडं' आलं होतं. पण काठीच्या कामात कशाला तोंड घाला, म्हणून तो बोलला नाही.

खुशाल पुढच्या बोळात वळला. तो बोळ जातो बापूरावच्या घराच्या मागच्या अंगाला, वाडीत. आणि वाडीत त्या घटकेला स्वतः बापूराव तणसीच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. हातात बाटली होती.

टूं टूं वाजलं. बापूरावनं वळून पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. समोर खुशाल, आणि काठी नेमकी त्याच्या पोटाकडे रोखलेली.

समोर काहीतरी आहे, असं समजून खुशाल सभ्यपणानं डावीकडे झाला. बापूरावही निसटायला म्हणून त्याच बाजूला सरकला. टूं टूं. खुशाल उजवीकडे झाला, बापूरावही उजवीकडे. टूं टूं टूं. खुशालला वाटलं, गोऱ्हा सुटलाय, मारायचा एखादे वेळी, म्हणून त्यानं काठी पुढे करून "हुर्र, हुर्र" केलं. बापूराव मागे सरता सरता तणसीच्या ढिगाला टेकला. आता काठी थांबायलाच तयार नव्हती, आणि गुडघ्यांनी तर कधीच हात टेकले होते.

"बंद कर बाप्पा ते," बापूराव दबक्या आवाजात म्हणाला. "हाये माझ्याजवळ. कबूल करतो."

आवाज ओळखून खुशालचा पाय जागीच थांबला. "बापूभाऊ? तुमी?"

"गुडघ्याले चोळाले ठेवली होती रे. देवाशप—" बौद्धानं देवाची शपथ घ्यायची नाही हे आठवून तो तिथंच थांबला. "थंडीचे दिवस असले का घोटभर पोटातूनबी चोळतो. तेवढंच. विहारात सांगू नको. मी कोणत्या तोंडानं उभा राहीन?"

खुशालच्या डोक्यात आत्ता कुठं लख्ख उजाडलं. गिरजाबाईचं मडकं, बंद दारं, रिकामे रस्ते. काठी कोणालाही पाहून वाजते, हे तो सांगू शकला असता. सांगायला तोंडही उघडलं होतं त्यानं. पण मग त्याला आठवलं, की आपण इथं कशाला आलो आहोत.

"भाऊ," तो म्हणाला, "मी एकटाच आलो जी. कोणाचा हात नाई धरला."

बापूरावनं एकदा काठीकडे पाहिलं, एकदा हातातल्या बाटलीकडे.

"दिसून राह्यलं ना मले," बापूराव म्हणाला. मग त्यानं बाटली तणसीत खोल सारली आणि धोतर झटकलं. "बुद्धपौर्णिमेले विहारात लगन लावू. चालते?"

मागच्या दारातून सत्यशीलाचा आवाज आला. "बाबा, दोघायसाठी च्या ठेवू का?" ती कधीची तिथं उभी होती, हे त्या दोघांपैकी कोणालाच कळलं नव्हतं.

लग्न ठरल्याची बातमी फुटली तेव्हा काठीवाला आता गावचा जावई होणार, तो सासरच्यांना थोडाच पकडून देईल, म्हणून गावानं सुटकेचा श्वास टाकला आणि दारं उघडली. पुढे कितीतरी दिवसांनी खुशालनं बायकोला विचारलं, की गिरजाबाईच्या डोक्यात ते हुंगण्याचं घातलं तरी कोणी? सत्यशीला तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमाले एकट्यानं यायचं होतं ना?" ती म्हणाली. "मंग आता कायले विचारता?"

पण ते पुढचं. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी बापूराव जावयाला न्यायला स्वतः आला. खुशाल काठीला हात घालतोय, तोच त्यानं ती घाईघाईनं काढून घेतली, पेटीतले सेल काढून स्वतःच्या खिशात टाकले; रेडिओला कामाला येतील म्हणाला. काठी त्यानं केसरबाईकडे पार आढ्याला बांधायला दिली.

"हे कायले पायजे? मी हावो ना," असं म्हणून त्यानं खुशालचा हात घट्ट धरला.

दोघं निघाले. काठी नाही हे पाहून पत्रू पुढे आला, सुकरी आली, सगळ्या गावानं जयभीम घातला, आणि इनायतनं नवरदेवाच्या मानासाठी मशीन जोरात चालवली. खुशालला इतकं बरं वाटत होतं की तो एकेकाचा जयभीम दोनदोनदा परत करत होता. विहार जवळ आला. पायरीवरून ओळखीचा आवाज आला.

"डावीकून या जी, मधात गोटा हाये."

खुशाल डावीकडे झाला. बापूराव जमलेल्या लोकांकडे बघत ऐटीत चालला होता. तो नेमका गोट्याला अडखळला आणि तोल जाऊन पडणार, तोच खुशालनं त्याला धरून उभा केला.

"हळू, मामाजी," तो म्हणाला, आणि तिथून पुढे विहारापर्यंत त्यानंच बापूरावला हाताला धरून नेला.