मोटारीला बांधलेला नवस

कळसाडीच्या गिरधर पाटलाला मोटार घ्यायची बुद्धी झाली ती पोरीच्या लग्नापायी. गजराला दोन ठिकाणांहून नकार आला होता. कारण काय, तर पोरगी बोलकी. (बोलकी म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारी. ही खोड त्या काळी मुलींत फार मोठी समजत.) तिसरं स्थळ प्रकाशा गावच्या रूपचंद पाटलाकडचं. हेही हातचं गेलं तर चौथं येणार नाही, हे गिरधरला कळून चुकलं होतं. तेव्हा त्यानं ठरवलं, पाहुण्याला आणायचं ते मोटारीतून. मोटारीतून उतरलेला माणूस नाही म्हणत नाही, अशी त्याची समजूत.

मोटार होती विलायतेला परत निघालेल्या कोणा साहेबाची. पंधरा वर्षं वापरलेली, पण थाट राजाचा. मागे चामड्याची गादी, खिडक्यांना रेशमी पडदे, पायाशी पितळी जाळी आणि गादीच्या कडेला पितळेचीच एक मूठ. माघ महिन्यात ती दारात आली. नारळ फुटला, हळदकुंकू झालं. गिरधरनं मोटारीत सगळ्यात लखलखीत काय ते हेरलं, ती मूठ वर ओढली, तिला लाल नाड्याचे सात वेढे दिले आणि नाड्याचं दुसरं टोक गादीच्या पायाशी आवळलं. गजराचं लग्न ठरल्याशिवाय ही गाठ सोडायची नाही, असा कुलदेवीला नवस बोलला.

माघात कोणाची तक्रार नव्हती. उलट पायांना छान ऊब लागे, आणि गिरधर ऐटीत सांगे की साहेबाची गादीच तशी असते. पण चैत्र लागला आणि मोटारीत बसणं म्हणजे चुलीत बसणं झालं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, रूपचंद येणार होते. तोवर हा ताप उतरायला हवा होता.

लोटन ड्रायव्हर म्हणाला, पाणी कमी पडतंय. दर कोसाला तो रेडिएटरात घागरभर पाणी ओती, ताप तसाच. मग खिडक्या उघडल्या, तर बाहेरची लू आत आली. टपावर ओलं गोणपाट घातलं, ते शहाद्याला पोचेपर्यंत पापडासारखं कडक झालं. शेवटी चुनीलाल मेस्त्रीला बोलावलं. तो कापसाच्या जिनातली इंजिनं दुरुस्त करणारा. त्यानं बॉनेट उघडलं, दिवसभर एकेक भाग काढून ओसरीवर मांडला, संध्याकाळी परत बसवला. तीन नट उरले. साहेबानं फाजील लावले असतील, म्हणाला, आणि जेवून गेला.

गिरधरला स्वतःची अक्कल सुचली ती त्याच्यानंतर. त्यानं पायाखालच्या जाळीवर ओलं फडकं पसरलं आणि स्वतः बसून मोटार हाकायला सांगितली. गावाला एक फेरी मारून तो उतरला तेव्हा त्याच्या धोतरातून वाफ निघत होती. माणूस वाफवलेल्या डाळीच्या फुणक्यासारखा उकडून निघाला होता.

त्याची बायको भिकुबाई दारात डाळ निवडत होती. ती उठली, मोटारीत वाकली, जाळीवर हात धरला. इंजिन पुढे आणि वाफ मागे कशी, एवढाच तिचा प्रश्न. मग तिनं ती मूठ पाहिली, नाडा पाहिला, आणि नवऱ्याकडे पाहिलं. धुराच्या नळीची ऊब आत घ्यायचं ते दार होतं. साहेबानं थंड मुलखासाठी करून घेतलेलं. मूठ वर ओढली की दार उघडं, खाली दाबली की बंद. गिरधरनं ते देवीच्या साक्षीनं उघडं बांधून ठेवलं होतं.

"सोडा ती गाठ," भिकुबाई म्हणाली.

"गाठ सोडी तर ठिकाण गयं."

"नही सोडी तर याही गया."

याही म्हणजे व्याही. पण गिरधर हटला नाही. देवीशी बोललेला शब्द तो मोडणार नव्हता. (चार महिन्यांमागे बायकोला हातातले गोठ नवे करून देईन म्हणून बोललेला शब्द त्यानं मोडला होता. पण ती देवी नव्हती.)

आखाजीच्या दुपारी तो स्वतः प्रकाशाला गेला. रूपचंद पाटलांना मानानं मागच्या गादीवर एकटं बसवलं, आपण लोटनशेजारी पुढे बसला. रूपचंद जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसत होते. मोठ्या लोकांच्या मोटारी अशाच असणार, आणि गरम होतंय म्हणावं तर आपण गाडाबैलवाले ठरू, म्हणून ते गप्प राहिले. पहिल्या कोसाला जोडे काढले. पुढे उपरणं, मग कोट. कळसाडीची शीव आली तेव्हा त्यांनी डोईवरची पगडी काढून मांडीवर घेतली.

दारात बायका आरती घेऊन उभ्या होत्या. मोटारीतून उतरला तो बोडक्या डोक्याचा, अनवाणी, डोळे लाल झालेला माणूस. बोडक्या डोक्यानं कोण येतं हे सगळ्यांना ठाऊक. बायकांतल्या थोरल्या सोनीबाईनं गळा काढला, तिच्यामागे चौघींनी काढला, शेजारचे धावत आले आणि रूपचंदांना धरून विचारू लागले, कोण गेलं. रूपचंदांच्या घशात आवाजच नव्हता, त्यामुळे रडणं वाढलं.

गजरानं घागर उचलली आणि पाहुण्यांच्या पायांवर ओतली. तांब्याभर ताक हातात दिलं. मग विळा घेऊन मोटारीकडे गेली, नाडा कापला, मूठ खाली दाबली आणि परत येऊन बापाला म्हणाली, "बाबा, देवीनी तुमले मानूस शेकाले नही सांगेल व्हतं."

गिरधर पायरीवर बसला. गाठ गेली, पोरगी बोलली, तिसरंही स्थळ गेलं.

रूपचंदांनी ताक संपवलं, पगडी डोक्यावर ठेवली.

"पाटील, मन्हा घरमा पाच मानसे शेत. समदा तुमनामायक. इस्तू दिसना का हात जोडतस," ते म्हणाले. "इझाडनारी एक जोयजे. पोर माले पसंत शे." (इस्तू म्हणजे विस्तव. तो दिसला की हात जोडणारे घरात पाच होते, इझाडनारी म्हणजे विझवणारी एकही नव्हती.)

नारळ तिथंच दिला-घेतला. गिरधरला भरून आलं. परत सोडायला त्यानं लोटनला मोटार काढायला सांगितली. आता गार आहे, म्हणाला. रूपचंदांनी मोटारीला लांबूनच नमस्कार केला.

"थंडीमा, पूस महिनामा धाडज्यात," ते म्हणाले. "आते गाडं जुपा."

गाडं जुंपलं. व्याह्याला शिवेपर्यंत पोचवायची रीत, आणि गाड्यात आहेराची बाजरीची पोती घातल्यावर जागा एकाचीच उरली. मोटारीचा मालक गाड्यामागे धूळ खात पायी निघाला. वाटेत दोघातिघांनी विचारलं, पाटील, मोटार कुठे? गिरधर म्हणाला, घरी कामात आहे. ते खोटं नव्हतं. कावळे आत शिरत नाहीत असं पाहून भिकुबाईनं चामड्याच्या गादीवर धुतलेलं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या.