शेपटीवरचा नंबर

माझं विमान म्हणजे ड्रोन नव्हे, हे मी कोणालाही चहा निवायच्या आत पटवून देऊ शकतो, अशी माझी समजूत होती. ड्रोनला कॅमेरा असतो, डोकं असतं, तो हवेत एका जागी थांबून लोकांच्या खिडक्यांत बघतो. माझ्या विमानाला हलकं लाकूड, पातळ कागद आणि चिमुकलं इंजिन. डोकं नाही. त्या बाबतीत ते बापावर गेलंय, असं बायको म्हणते.

पण ड्रोनसाठी नवा नियम आला आणि सुक्याबरोबर ओलंही जळलं. रिमोटवर उडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर पत्र्यावर कोरलेला नंबर हवा. वर कोणीतरी समितीकडे माझी तक्रार केली. इमारतीसमोरच्या मैदानाच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त जेलर. जन्मभर कैद्यांच्या साबणात किल्ल्यांचे ठसे शोधलेला माणूस. त्यांनी माझं विमान उलटं धरलं.

"कॅमेरा कुठाय?"

"नाहीये."

"दिसत नाहीये. म्हणजे चांगला लपवलाय."

"साहेब, तरुणपणापासून उडवतोय मी."

"आणि इतकी वर्षं आम्हाला पत्ता नाही. यावरूनच काय ते समजा."

"तक्रार केली कोणी?"

"खबऱ्याचं नाव फोडत नसतात."

शेवटी ठरलं, रविवारी सकाळी सगळ्यांसमोर एक उड्डाण. नीट उतरलं तर मैदान खुलं. नाहीतर छंद बंद, विमानं माळ्यावर.

आठवडाभर मी खबऱ्या शोधला. समोरचे दातांचे डॉक्टर माझ्याकडे बघून हसले, तेव्हा वाटलं हेच. दुसऱ्या दिवशी हसले नाहीत, तेव्हा खात्रीच झाली.

घरी जेवणाच्या टेबलावर माझा कारखाना. आम्ही लग्नापासून ताट मांडीवर घेऊन जेवतो. जेवताना मी पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलतो आणि बायकोला शिकवतो, "नाक जड झालं तर विमान रडतखडत उडतं. शेपूट जड झाली तर एकदाच उडतं." ती "हो का" म्हणून ताटातला भुसा वेचते.

शनिवारी मात्र ती आपणहून जवळ आली.

"अहो, नंबर शेपटीवर लावा ना. लांबून दिसेल. जेलरसाहेबांचा संशय तरी फिटेल."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने छंदात लक्ष घातलं होतं. मला भरून आलं. त्या भरात बोटांवर तोलायचं राहूनच गेलं.

रविवारी विमान सुटलं आणि नाक वर करून थेट आकाशाला भिडायला निघालं. मग दमलं, गर्रकन वळलं, इमारतीकडे आलं आणि पुन्हा नाक वर करून क्षणभर हवेत थांबलं. नेमकं जेलरांच्या न्हाणीघराच्या खिडकीसमोर.

"बघा, थांबलं!" जेलर ओरडले. "थांबून आत बघतंय!"

मग ते आत गेलं. आधी बादली पडल्याचा आवाज आला, मग जेलरबाईंचा.

पूर्वी विमान कोणाच्या घरात पडलं की मी खिशात हात घालून ढगांकडे बघायचो. आता ती सोय नव्हती. विमानाचा भुगा झाला होता. नंबर शाबूत होता.

माळ्यावर विमानं चढवून मी खाली उतरलो, तर जेवणाचं टेबल लख्ख पुसलेलं आणि त्यावर नवा टेबलक्लॉथ. बरोबर मापाचा. इस्त्री केलेला. आम्ही समोरासमोर बसलो.

"शेपूट जड झाली असेल का हो?" मीठ माझ्याकडे सरकवत तिने विचारलं.

टेबलक्लॉथ कधी आणला, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण म्हटलं जाऊ दे. खबऱ्याचं नाव फोडत नसतात.